उजेड आधी, आकडा नंतर: कोल्हापूरच्या भटक्यांसाठी दुर्बीण निवडण्याची पद्धत

दाजीपूरच्या जंगलात सकाळी गवा दिसतो तेव्हा तो सहसा मोकळ्या उन्हात नसतो. जांभळीच्या नाहीतर अंजनीच्या गर्द सावलीत तो काळा देह उभा असतो आणि साध्या डोळ्यांना तिथे फक्त सावलीचाच एक जास्त गडद तुकडा दिसतो. गुडघ्याखालचे पांढरट पाय तेवढे उठून दिसतात. अशा वेळी दुर्बिणीने डोळ्यापर्यंत उजेड पोचवला तर शिंगांचा बाक, मानेवरचा उंचवटा, पोटाशी उभं असलेलं तपकिरी वासरू असं सगळं उलगडत जातं. उजेडच पोचला नाही, तर ती सावलीच दहापट मोठी होऊन दिसते.

आपल्याकडे दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती लांबचं दिसतंय?" मग काउंटरवर मोठ्या आकड्यांची खोकी येतात, आणि त्यातली बरीचशी वर्षभरात माळ्यावर जातात. राधानगरी, पन्हाळा, आंबा घाट, गगनबावडा या आपल्या मुलखात चालेल अशी दुर्बीण शोधायची असेल तर प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो. तोच क्रम इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

त्याआधी शिकारीबद्दल, कारण दुर्बिणींच्या जाहिरातींत 'हंटिंग' हा शब्द सर्रास असतो. कोल्हापूरला शिकारीचा मोठा इतिहास आहे. संस्थानाच्या काळात इथले चित्तेवान आणि त्यांनी शिकवलेले चित्ते देशभर माहीत होते. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळाच्या खुणा आजही बघायला मिळतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपलेला आहे. गवा पहिल्या अनुसूचीत येतो आणि त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. आपल्याकडे दुर्बीण फक्त बघण्यासाठी. तरीही शिकाऱ्यांच्या अनुभवातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. युरोपातले शिकारी पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडासाठी पिढ्यान्‌पिढ्या ७×५० किंवा ८×५६ अशा, म्हणजे सात-आठपट मोठं दाखवणाऱ्या आणि पुढे ५०-५६ मिलिमीटरचं भिंग असलेल्या दुर्बिणी वापरत आले. आकडा लहान, भिंग मोठं. जंगलात ज्यांचं सगळं काम उजेडावर अवलंबून होतं, त्यांची निवड ही होती.

पहिली पायरी: कुठे वापरणार ते ठरवा

रंकाळ्याच्या नाहीतर कळंब्याच्या काठावर बसून पाणपक्षी बघायचे असतील तर अंतर जास्त, समोर मोकळं पाणी आणि उजेड भरपूर. वारकरी, हळदीकुंकू बदकं, पाणकावळे एका जागी बराच वेळ थांबतात. इथे १०×४२ चांगली चालते.

राधानगरी, दाजीपूर, तिलारी, आंबा या भागात गोष्ट उलट होते. झाडी दाट, अंतर तीस-चाळीस मीटरच, उजेड कमी आणि पक्षी क्षणभरही स्थिर नाही. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर कधी गेलं ते कळत नाही. इथे ८×४२ला तोड नाही.

पन्हाळा ते पावनखिंड असा दोन दिवसांचा चालायचा बेत असेल, तोही जुलैत, तर वजन आणि पाऊस हे दोनच प्रश्न उरतात. मसाई पठारावर आडवा पाऊस लागतो तेव्हा गळ्यातला प्रत्येक ग्रॅम जाणवतो. तिथे ८×३२, वॉटरप्रूफ.

या तिन्ही गोष्टी एकाच दुर्बिणीत हव्या असतील, आणि बहुतेकांना तशाच हव्या असतात, तर माझं मत स्पष्ट आहे: ८×४२ घ्या. मान किंवा खांदा दुखत असेल तर ८×३२. पुढचं सगळं वाचून झाल्यावर तुमचं मत वेगळं झालं तरी हरकत नाही, फक्त ते वेगळं का झालं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

दुसरी पायरी: दोन आकडे वाचायला शिका

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चारशे मीटरवरचा गवा आठपटीच्या दुर्बिणीतून पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहापटीच्या दुर्बिणीतून चाळीस मीटरवर. फरक दहा मीटरचा. त्यासाठी काय काय सोडावं लागतं ते आता बघू.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या गोल झोताचा हा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. आपल्या बुबुळामधली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते आणि अंधार पडत जातो तशी मोठी होते. तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत, वय वाढल्यावर पाचच्या आसपास. झोत बाहुलीपेक्षा लहान असेल तर डोळा उपाशी राहतो आणि चित्र काळवंडतं.

आता हिशेब करून बघा. १०×४२ चा झोत ४.२, ८×३२ चा ४, १०×५० चा ५, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ चा फक्त २.५. झोताचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. त्यामुळे ८×४२ चा झोत १०×२५ च्या चौपटीहून मोठा आहे. दुपारी बारा वाजता शाहूपुरीतल्या दुकानाबाहेर उभं राहून दोन्हींतून बघाल तर हा फरक अजिबात कळणार नाही, कारण उन्हात बाहुलीच अडीच मिलिमीटरची झालेली असते. तो कळतो सकाळी साडेसहाला, दाजीपूरच्या झाडीत. कित्येकांची निवड चुकते ती याच कारणाने: दुर्बीण उन्हात घेतली जाते आणि सावलीत वापरली जाते.

तिसरी पायरी: मोठ्या आकड्याची किंमत समजून घ्या

दुर्बीण वस्तूला जितकं मोठं करते तितकंच तुमच्या हाताच्या थरथरीलाही मोठं करते. चढ चढून आल्यावर छाती धपापत असते. सज्जाकोठीच्या बाजूने चालत येऊन लगेच दुर्बीण डोळ्याला लावली तर बारापटीत जोतिबाचा डोंगर नाचायला लागतो. आठपटीत बहुतेकांना चित्र नीट धरता येतं, दहापटीत सवयीने जमतं, बारापासून पुढे तिपाई किंवा हाताचा कंप शोषणारी महागडी यंत्रणा लागते. हललेल्या चित्रात पिसावरची रेघ दिसत नाही, म्हणजे वाढवलेला आकडा वायाच जातो.

दुसरी किंमत म्हणजे दिसणाऱ्या भागाची रुंदी. दुर्बिणीवर किंवा खोक्यावर ती अंशांत किंवा 'हजार मीटरवर इतके मीटर' अशी लिहिलेली असते. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साधारण साडेसतरा मीटर. आठ अंशांच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, सहा अंशांच्या दुर्बिणीतून १०५. झाडीतल्या चाळीस मीटर अंतरावर हेच आकडे ५.६ आणि ४.२ मीटर होतात. ऐनाच्या झाडात बसलेला धनेश शोधताना तो सव्वा-दीड मीटर फार महत्त्वाचा ठरतो. अरुंद दुर्बिणीत माणूस फांद्याच चाळत बसतो आणि तोवर पक्षी उडून जातो. ८×४२ मध्ये सात अंशांच्या खाली जाऊ नका. आठ मिळाले तर उत्तम.

झूमची दुर्बीण, म्हणजे ८-२४×५० अशा आकड्यांची, घेऊच नका. चोवीसवर नेली की झोत जेमतेम दोन मिलिमीटरचा उरतो, आठवर ठेवली तरी दिसणारा भाग अरुंदच असतो, आणि आतली हलती भिंगं दोन्ही नळ्यांत तंतोतंत सारखी सरकली नाहीत की डोळे दुखायला लागतात.

चौथी पायरी: काच आणि लोलक

आकडे सारखे असलेल्या दोन दुर्बिणींच्या किमतीत दहापट फरक असतो. तो बराचसा आतल्या काचेचा आहे.

भिंगातून येणारं चित्र उलटं असतं, ते सुलटं करायला आत लोलक बसवलेले असतात. त्याचे दोन घाट आहेत. जुन्या सिनेमांत दिसते ती खांदे असलेली रुंद दुर्बीण म्हणजे पोरो लोलकाची. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सरळ नळ्यांची सडपातळ दुर्बीण रूफ लोलकाची. रूफची बांधणी आटोपशीर, वॉटरप्रूफ करायला सोपी, पण तिचा लोलक अतिशय काटेकोर घासावा लागतो, म्हणून ती महाग. आठ-दहा हजारांच्या आत बजेट असेल तर पोरोच घ्या. त्या पैशांत तिचं चित्र रूफपेक्षा उजळ आणि खोलीचा अंदाज देणारं मिळतं. तिची उणी बाजू म्हणजे या किमतीतल्या पोरो दुर्बिणी बहुधा वॉटरप्रूफ नसतात, आणि आपल्या पावसात ती बाजू लहान नाही.

रूफ घेत असाल तर 'फेज कोटिंग' आहे का हे विचारा. रूफ लोलकात प्रकाश दोन वाटांनी फुटून पुन्हा एकत्र येतो आणि त्या दोन वाटांचा मेळ बिघडल्याने बारीक तपशील पुसट होतो. झाइसने १९८८ मध्ये त्यावर लेप शोधून काढला आणि आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही तो मिळतो. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नसेल तर तो नाही असं समजून चला. 'डायइलेक्ट्रिक' कोटिंग ही पुढची पायरी: लोलकाचा आरशासारखा जो पृष्ठभाग असतो तो ९९ टक्क्यांहून जास्त उजेड परत पाठवतो. लोलकाची काच 'बीएके-४' असावी, 'बीके-७' नको.

भिंगांवरच्या लेपाचं महत्त्व आकड्यांत सांगतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत हवा आणि काच यांच्या भेटीच्या जागा सहज दहाच्या वर असतात. दहाच धरल्या तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो, आणि तो आत इकडेतिकडे उसळून चित्रावर पांढुरका पडदा धरतो. म्हणून खोक्यावरचे शब्द नीट वाचा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर एक थर. 'मल्टी-कोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. आपल्याला हवं ते 'फुली मल्टी-कोटेड', म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. पुढची भिंगं लालभडक किंवा नारिंगी आरशासारखी चमकत असतील तर ती दुर्बीण खाली ठेवा. तो लेप लाल प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट, थंड दिसतं.

ईडी काच असेल तर उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीला जांभळी-हिरवी किनार दिसत नाही. बजेटमध्ये बसत असेल तर घ्या. त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

पाचवी पायरी: पावसाचा विचार, कोल्हापूरच्या माणसाने तरी

परदेशी लेखांत हा मुद्दा दोन ओळींत उरकलेला असतो. गगनबावड्याचा पाऊस ज्याने बघितला आहे त्याला तो दोन ओळींत उरकता येणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे धुकं, झड आणि घरातल्या भिंतींची ओल यांतून दुर्बिणीची सुटका नसते.

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे चार शिंतोडे सोसेल. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पाण्यात बुडाली तरी आत पाणी जाणार नाही. आयपीएक्स-७ असं लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात तीस मिनिटं तिने तग धरल्याची चाचणी झालेली असते. 'फॉगप्रूफ' म्हणजे आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरून कोरडी केलेली, त्यामुळे गार-गरम झाल्यावर आतल्या भिंगावर बाष्प धरत नाही. आपल्याला वॉटरप्रूफ आणि फॉगप्रूफ दोन्ही हव्यात. एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरच्या भिंगावर बाष्प येतं, ते कोणत्याही दुर्बिणीवर येणार. पिशवीतच ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा.

कोरडा वायू भरून बंद केलेल्या दुर्बिणीचा आणखी मोठा फायदा म्हणजे बुरशी. दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेल्या साध्या दुर्बिणीच्या आतल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी चढते आणि लेप खाऊन टाकते. ती साफ करायला दुर्बीण खोलावी लागते, आणि खोलल्यावर दोन्ही नळ्या पुन्हा एका रेषेत आणणारा कारागीर मिळणं कठीण असतं. केवळ या एका कारणासाठी मी दोन हजार रुपये जास्त मोजायला सांगेन.

सहावी पायरी: चष्मा, वजन, मुलं

चष्मा लावत असाल तर 'आय रिलीफ' हा आकडा सगळ्यात आधी बघा. डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्म्यासाठी किमान १५ मिलिमीटर, शक्यतो १६ ते १८. आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कडा, पिळून खाली-वर होणारे असावेत. चष्मा असेल तर खाली, नसेल तर वर. फक्त जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जमतो, सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्मा लावूनच बघावं लागतं.

वजनाचे अंदाज: ८×४२ साधारण ६०० ते ७५० ग्रॅम, ८×३२ सुमारे ४५० ते ५५०, १०×५० किलोच्या आसपास. गळ्यातल्या बारीक पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार टाकणारा हार्नेस घ्या, चारपाचशे रुपयांत दिवसभराची मानदुखी वाचते. लहान मुलांसाठी डोळ्यांमधलं अंतर कमी करता येणारी हलकी दुर्बीण बघा, त्यांच्या हातात सहापटीचीही पुरते.

सातवी पायरी: दुकानात काय तपासायचं

फोटो ऑनलाइन बघा, माहितीपत्रक ऑनलाइन वाचा, पण जमेल तिथवर हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कोल्हापुरात कॅमेऱ्याच्या दुकानांत मोजकी मॉडेल्स असतात. जास्त पर्यायांसाठी पुण्याला जावं लागलं तर ती फेरी वाया जात नाही. त्याहून चांगला मार्ग म्हणजे रविवारी सकाळी रंकाळ्यावर किंवा कळंब्यावर पक्षी बघणाऱ्या मंडळींना गाठा आणि त्यांच्या दुर्बिणींतून पाच-पाच मिनिटं बघायला मागा. कोणी नाही म्हणत नाही.

दुकानात जायची वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची ठेवा. दुकानदाराला सांगून दारात उभे राहा आणि मग या क्रमाने बघा.

दुर्बीण हातभर लांब, उजळ आभाळाकडे धरा. डोळ्याकडच्या भिंगांत उजेडाचे दोन गोल दिसतील. ते पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखे उजळ हवेत. चौकोनी कापल्यासारखे, कडेला राखाडी दिसले तर लोलकाची काच हलकी आहे. पारदर्शक पट्टी लावून गोलाचा व्यास मोजा. ८×४२ असेल तर पाच मिलिमीटरच्या वर भरला पाहिजे. तो चार भरला तर पुढची भिंगं दिसायला ४२ ची आहेत, पण आतून वाट अडवलेली आहे. स्वस्त दुर्बिणींत हे होतं आणि या एका चाचणीत ते उघडं पडतं.

मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळट आणि मंद असेल तर लेप चांगला. एखादं प्रतिबिंब पांढरं लख्ख दिसलं तर त्या पृष्ठभागावर लेप नाही.

समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड किंवा विजेची तार धरा. नजर तिच्यावर ठेवून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर आणि दुसरीत खाली गेली तर नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण दोन मिनिटं बरी वाटते आणि वीस मिनिटांनी डोकं चढतं. यात तडजोड करू नका.

लांबच्या पाटीवरची अक्षरं मधोमध आणा, स्पष्ट करा, मग हळूच कडेला न्या. कडेला थोडी पुसट होणं चालतं. अर्ध्या वाटेतच फिसकटली तर नको. त्याच पाटीवर फोकसचं चाक पुढेमागे करून बघा: एका बोटाने फिरावं, मध्ये अडकू नये, हात काढल्यावर जागचं हलू नये. मधली बिजागरी घट्ट हवी. जवळात जवळ किती मीटरवर फोकस होतो तेही बघा. फुलपाखरं, चतुर, सरडे बघायची आवड असेल तर दोन मीटरपर्यंत यायला हवी.

शेवटी, दिवेलागणीच्या आधी, दोन दुर्बिणी घेऊन एकाच अंधाऱ्या कोपऱ्यात आळीपाळीने बघा. पार्क केलेल्या गाडीखालची जागा, झाडाच्या बुंध्याची सावली. कोणीत तपशील जास्त दिसतो ते तुमचे डोळेच सांगतील, आणि तिथे माझ्या मतापेक्षा त्यांचं मत मोठं.

जुनी दुर्बीण घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून टाकून दुसऱ्या बाजूने लांबून न्याहाळा. धुळीचे दोन-चार कण चालतील. जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नका; तिच्याशेजारी ठेवलेल्या चांगल्या कॅमेऱ्यालाही धोका असतो.

किमती आणि फसवणूक

किमती बदलत राहतात, म्हणून फक्त पट्टे सांगतो. सहा ते दहा हजारांत निकॉन अ‍ॅक्युलॉनसारखी ८×४२ पोरो: चित्र उत्तम, पाऊस चालत नाही. दहा ते वीस हजारांत फेज कोटिंग असलेली वॉटरप्रूफ रूफ, सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स किंवा निकॉन प्रोस्टाफ पी-७ च्या जातीची. भटकणाऱ्या बहुतेकांचा शोध इथे संपावा असं मला वाटतं. पंचवीस ते चाळीस हजारांत ईडी काच, निकॉन मोनार्क एम-५ सारखी. झाइस, लायका, स्वारोव्स्कीच्या वरच्या मालिका लाखाच्या पुढे जातात. त्यांचं चित्र अप्रतिम असतं यात शंका नाही, पण वीस हजारांवरून लाखावर जाताना मिळणारी वाढ ही तीन हजारांवरून वीस हजारांवर जाताना मिळणाऱ्या वाढीपेक्षा खूपच कमी असते.

ऑनलाइन बाजारात '५०×५०', '१८०×१००', 'डे-नाइट व्हिजन' असं लिहिलेली हजार-दीड हजाराची दुर्बीण दिसली की पुढे जा. साध्या भिंगांना रात्रीचं दिसत नाही. १८०×१०० खरं असतं तर झोत अर्ध्या मिलिमीटरचा झाला असता आणि नळ्या मांडीएवढ्या जाड लागल्या असत्या. सूचीत दिसणाऱ्या भागाची रुंदी, आय रिलीफ आणि लोलकाची काच यांचा उल्लेखच नसेल तर तेही पुरेसं उत्तर आहे. वॉरंटी भारतातली आहे का आणि परत करायची मुदत किती, हे पैसे भरण्यापूर्वी वाचा. माल आल्या दिवशीच तारेची आणि उजेडाच्या गोलांची चाचणी करा.

घरी आणल्यावर: डोळ्यांना जुळवणं

ही पायरी न केल्याने चांगल्या दुर्बिणीही बदनाम होतात. आधी बिजागरी उघडमीट करून दोन्ही गोल मिळून एकच गोल दिसेल असं करा. मग लांबची, ठसठशीत अक्षरांची पाटी निवडा. उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर झाकण ठेवा, दोन्ही डोळे उघडे राहू द्या, आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं धारदार करा. आता झाकण डाव्या बाजूला न्या. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयकपजवळची डायॉप्टरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला अक्षरं धारदार करा. झालं. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, कारण मित्राने हाताळून परत दिली की ती सरकलेली असते. यापुढे फक्त मधलं चाक.

जंगलात पक्षी दिसला की खाली दुर्बिणीकडे बघू नका. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवा आणि दुर्बीण नजरेच्या आड आणा. सुरुवातीला चुकतं. घराच्या गच्चीवरून तारेवरच्या वेड्या राघूवर आठवडाभर सराव केला की हात आपोआप जातो. कोपर छातीला टेकवा, झाडाला किंवा तटबंदीला पाठ लावा, दम लागला असेल तर चार श्वास घेऊन मग उचला. समोर मोठी दरी असेल, गगनगडावरून किंवा विशाळगडाच्या कड्यावरून बघत असाल, तर दुर्बीण भिरभिरवू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, मग थोडं खाली येऊन परत. हललेलं काही असेल तर ते स्थिर चौकटीतच कळतं.

सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका, मावळत्याही नाही. क्षणात दृष्टी जाऊ शकते. मुलांच्या हातात देताना हे आधी सांगा. आणि दुर्बीण आहे म्हणून गव्याच्या जवळ जायचं कारण उरत नाही. नराचं वजन हजार किलोपर्यंत जातं आणि तो बिथरला तर पळायला जागा मिळत नाही. कोल्हापूरच्या आसपासच्या उसापर्यंत गवे येऊन गेले आहेत. तिथेही गर्दी करून मागे लागण्यापेक्षा बांधावरून, लांबून बघावं आणि वनखात्याला कळवावं.

निगा

काचेवर धूळ असताना सदऱ्याच्या टोकाने पुसणं हा दुर्बिणीचा सगळ्यात मोठा शत्रू. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लेपावर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि उरलेल्या डागासाठी भिंगांच्या कापडावर एक थेंब लेन्स क्लीनर. क्लीनर थेट काचेवर टाकू नका. वॉटरप्रूफ दुर्बीण चिखलाने माखली असेल तर साध्या पाण्याच्या मंद धारेखाली धरायला हरकत नाही.

पावसातून घरी आलात की दुर्बीण पुसून, झाकणं उघडी ठेवून, पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. ओली दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत घालून कपाटात टाकली की बुरशीला आमंत्रण मिळतं. पावसाळ्याचे चार महिने ती पिशवी वेगळी ठेवा आणि दुर्बीण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले किंवा नारिंगी खडे हिरवे झाले की ते ओल प्यायलेले आहेत. मंद आचेवर तव्यात मूळ रंग येईपर्यंत गरम केले की पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. आठवड्यातून एकदा दुर्बीण बाहेर काढून दहा मिनिटं कोवळ्या उजेडात वापरा. राधानगरीची सफारी पावसाळ्यात बंद असते, पण रंकाळा बारा महिने उघडा आहे.